नवी वही आणि मागील बाकी : मोबाइल ॲपमधील फाइलव्यवस्थेविषयी

व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाळीत नवी वही घातली जाते. तिची पूजा होते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. परंतु त्या वहीचे खरे काम सुरू होते ते मागील बाकी तीत ओढल्यानंतर. जुन्या वहीतील येणे-देणे पै न् पै नव्या वहीत उतरले नाही, तर नव्या वहीचा कोरेपणा ही शोभा न ठरता आपत्ती ठरते. हा नियम लहानसा दुकानदारही जाणतो. मोबाइल फोनवरील ॲप रचण्याच्या नव्या व्यवसायास मात्र तो अद्याप पुरतेपणी उमगलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते सकारण मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपण फोनवर जे काही टिपतो, चित्रित करतो किंवा जतन करतो, ते शेवटी फाइलींच्या रूपाने साठविले जाते. ॲप म्हणजे त्या फाइली लिहिणारा व वाचणारा कारकून होय. ॲपची नवी आवृत्ती वर्षातून अनेक वेळा येते आणि बहुधा आपल्या नकळत फोनवर बसते. म्हणजे दर खेपेस कारकून बदलतो, कपाटे बदलतात, कधी कधी सारे दफ्तरच दुसऱ्या खोलीत हलविले जाते. नवे कपाट चांगले आहे काय, हे सर्वजण पाहतात. जुने कागद नव्या कपाटात पोचले काय, हे पाहणारा मात्र विरळा.

एक अनुभव

लेखक ज्या शाळेत शिकवीत असे, तिच्या आवारात एक पर्जन्यमापक बसविलेला होता. दररोज सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थी मोजपात्रातील पाणी मोजीत, आकडा मोठ्याने सांगत, आणि तो लेखकाच्या फोनवरील एका नोंदवहीच्या ॲपमध्ये टिपला जाई. आकड्याची खातरजमा पुढे केव्हाही करता यावी, म्हणून मोजपात्राचे छायाचित्रही त्याच नोंदीस जोडले जाई. असे पाच पावसाळे गेले.

सहाव्या वर्षी मृगाच्या सुमारास त्या ॲपची नवी आवृत्ती आली. नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा तारखा होत्या, आकडे होते. छायाचित्रांच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी होत्या. ॲपच्या कर्त्यांकडे विचारणा केली असता, ‘ॲप काढून टाकून पुन्हा बसवावे’ असे उत्तर आले. तसे केले. त्यानंतर आकडेही गेले. पहिल्या दोन पावसाळ्यांचे आकडे एका विद्यार्थिनीने स्वतःच्या वहीत उतरून ठेवले होते, म्हणून तेवढे उरले. राहिलेले तीन पावसाळे आता कोणाजवळच नाहीत.

कारण पुढे एका जाणकाराकडून समजले, आणि ते ऐकून हळहळ अधिकच वाढली. छायाचित्रे हरवलीच नव्हती. ॲप काढून टाकण्याच्या क्षणापर्यंत ती फोनमध्ये सुखरूप होती. आयफोनमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची एक बंदिस्त जागा मिळते आणि त्या जागेस यंत्राने दिलेले एक लांबलचक नाव असते. ॲपची नवी आवृत्ती बसविताना हे नाव बदलू शकते. आतील फाइली जशाच्या तशा राहतात. आमच्या ॲपने प्रत्येक छायाचित्राचा पत्ता त्या नावासह, संपूर्णपणे, टिपून ठेवला होता. वाडा तोच, आतील माणसे तीच. दारावरील पाटी तेवढी बदलली, आणि पत्र जुन्या पाटीच्या पत्त्यावर जात राहिले. पत्ता दारापासून आतला तेवढाच लिहिला असता, तर काहीच बिघडले नसते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच शाळेतील एका सहकाऱ्याच्या अँड्रॉइड फोनवर तेच ॲप, तीच नवी आवृत्ती बसली, आणि त्याची छायाचित्रे जागच्या जागी राहिली. अँड्रॉइडमध्ये ॲपच्या खाजगी जागेचा पत्ता सहसा बदलत नाही. ज्याने ॲपची परीक्षा केवळ अशा फोनवर घेतली असेल, त्यास दोष दिसण्याचा संभवच नव्हता.

एक लिखाण, दोन घरे

या घटनेचे मूळ समजून घ्यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. आयफोन २००७ साली आला आणि अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. या दोन्ही कार्यप्रणालींची भाषा, नियम व साधने वेगवेगळी असल्याने एकच ॲप दोन वेळा लिहावे लागे. हे श्रम वाचावेत म्हणून एकाच लिखाणातून दोन्ही फोनांसाठी ॲप घडविणारी साधने निघाली. २००९ साली फोनगॅप, २०१५ साली रिॲक्ट नेटिव्ह आणि २०१८ च्या डिसेंबरात फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती, ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. आपल्या देशात, जेथे लहान संस्थांना अनेक भाषांतून व थोड्या पैशांत काम करावे लागते, तेथे अशा साधनांचे मोल फार मोठे आहे. ती वापरू नयेत, असे येथे सुचवावयाचे नाही.

परंतु अशा प्रत्येक साधनात एक आश्वासन गृहीत असते, ते असे की, खालच्या दोन घरांतील भेद वर राहणाऱ्यास जाणवणार नाही. पडद्यावरील रंग, अक्षरे व बटणे यांच्या बाबतीत हे आश्वासन बरेचसे पाळले जाते. आणि जेथे ते मोडते, तेथे ते तत्काळ डोळ्यांस दिसते. फाइलींच्या बाबतीत तसे नाही. तेथील भेद महिनोन् महिने झाकलेला राहतो आणि फोन बदलताना, जागा संपताना किंवा ॲप अद्ययावत होताना एकाएकी उघडा पडतो.

फ्लटरमधील एक उदाहरण पाहू. ‘ॲपच्या दस्तऐवजांचा फोल्डर दे’ अशी एकच आज्ञा दोन्ही प्रणालींवर चालते. आयफोनवर ती जो फोल्डर देते, तो कर्त्याची इच्छा असल्यास फोनधारकास फाइलींच्या यादीत दाखविता येतो. अँड्रॉइडवर तीच आज्ञा ॲपच्या आतील खोलीतील असा फोल्डर देते की, जो फोनधारकाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. शब्द एक, अर्थ दोन. तसेच तात्पुरत्या फाइलींसाठी दोन्हीकडे निराळी जागा असते, आणि फोनमधील साठा भरत आला की कार्यप्रणाली ती जागा आपण होऊन रिकामी करू शकते. घाईत कोणी फोनधारकाची अमोल वस्तू तेथे ठेवली, तर ती ओसरीवर ठेवलेल्या दागिन्यासारखी होय.

धर्मशाळेतून स्वतंत्र खोल्यांत

गेल्या काही वर्षांत फाइलव्यवस्थेत झालेला सर्वांत मोठा फेरबदल अँड्रॉइडचा आहे. पूर्वी त्या फोनमधील सामाईक साठा हा एखाद्या धर्मशाळेसारखा होता. एकदा परवानगी मिळाली की कोणतेही ॲप तेथे आपले गाठोडे ठेवू शके आणि दुसऱ्यांची गाठोडी सोडून पाहू शके. फोनधारकाचे खाजगी कागद अशा रीतीने परक्यांच्या नजरेस पडत. २०१९ साली अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीबरोबर नवी शिस्त आली. प्रत्येक ॲपने स्वतःच्या खोलीत राहावे. छायाचित्रे, ध्वनिफिती व चित्रफिती सामाईक नोंदवहीमार्फत मागाव्यात. आणि इतर दस्तऐवज फोनधारक स्वतः निवडून देईल तेवढेच उघडावेत. ही शिस्त लोकहिताची आहे, याविषयी लेखकास शंका नाही.

मात्र नियम चांगला असला म्हणून स्थलांतर आपोआप चांगले होत नाही. अनेक ॲपांनी आपल्या फाइली वर्षानुवर्षे त्या धर्मशाळेत स्वतःच्या नावाचा फोल्डर करून ठेवल्या होत्या. २०२० साली आलेल्या अकराव्या आवृत्तीसाठी म्हणून जे ॲप घोषित केले जाई, त्यास हा जुना मार्ग बंद होई. म्हणजे जुने दार उघडे आहे तोवरच सामान हलविणे आवश्यक होते. ज्यांनी प्रथम फाइली नव्या जागी नेल्या आणि मगच नव्या नियमांखाली आपले नाव नोंदविले, त्यांच्या ग्राहकांस बदल झाल्याचे कळलेही नाही. ज्यांनी उलट क्रम धरला, त्यांच्या ॲपला स्वतःच्याच जुन्या फाइली दिसेनाशा झाल्या. फाइली फोनमध्ये होत्या. त्या उघडण्याचा अधिकार तेवढा राहिला नव्हता.

त्यातही एक पेच असा की, नव्या व्यवस्थेत फोनधारकाने निवडून दिलेल्या दस्तऐवजाचा ‘पत्ता’ हा जुन्या अर्थाने पत्ताच नसतो. तो एक प्रकारचा परवाना असतो. परवाना टिकवून ठेवण्याची विनंती ॲपने वेळीच केली नाही, तर तो लवकरच संपतो. आणि काल उघडलेला कागद आज उघडत नाही. जुन्या सवयीने परवान्यास पत्ता समजून लिहिलेले ॲप पहिल्या दिवशी उत्तम चालते, हेच त्यातील मोठे संकट आहे.

नावांचा प्रश्न

फाइलीच्या नावाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही; परंतु भारतीय भाषांच्या दृष्टीने तो विषय महत्त्वाचा आहे. मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ‘कऱ्हाड’ किंवा ‘दऱ्या’ या शब्दांतील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत दोन रीतींनी लिहिता येते. एक तर त्या अक्षराचा स्वतंत्र संकेत वापरावा, अथवा साध्या ‘र’ च्या संकेतापुढे नुक्त्याचा संकेत ठेवावा. युनिकोड दोन्ही रूपे समतुल्य मानते आणि पडद्यावर ती सारखीच दिसतात. परंतु लिनक्सच्या नेहमीच्या फाइलरचनेत नाव म्हणजे केवळ बाइटांची एक रांग. तिच्या लेखी ही दोन निराळी नावे आहेत. ॲपल कंपनीची जुनी फाइलरचना याउलट नावे सुटी करून, म्हणजे दुसऱ्या रूपात, साठवीत असे. २०१७ साली आयफोनवर तिची जागा नव्या रचनेने घेतली. अशा फरकामुळे एका फोनवर ठेवलेली फाइल दुसरीकडे नेल्यावर यादीत डोळ्यांस दिसते, पण ॲपला मात्र सापडत नाही, असा चमत्कार घडू शकतो.

लांबीचेही तसेच आहे. लिनक्सच्या प्रचलित फाइलरचनेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते. रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त चिन्ह हे सर्व स्वतंत्र संकेत असतात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात असे दहा संकेत असल्याने तो ३० बाइट व्यापतो. म्हणजे देवनागरी नावास ८५ संकेतांचीच जागा उरते. ज्याने केवळ इंग्रजी नावांनी परीक्षा घेतली, त्यास हे कधीच कळणार नाही. यावर उपाय सोपा आहे. फाइलीस आतून साधा क्रमांक द्यावा आणि फोनधारकाने दिलेले शीर्षक नोंदीच्या आत, हव्या त्या लिपीत व हव्या त्या लांबीने, जपून ठेवावे.

बाकी ओढण्याची रीत

मग फाइलव्यवस्था बदलावयाची तरी कशी? लेखकाच्या मते पुढील पाच पथ्ये ही कौशल्याची नव्हेत, तर कर्तव्याची आहेत.

पहिले, पत्ता नेहमी दारापासून आतला लिहावा. वाड्याचे नाव दर वेळी कार्यप्रणालीस नव्याने विचारावे.

दुसरे, नवे पूर्ण झाल्यावाचून जुन्यास हात लावू नये. नवी फाइल तात्पुरत्या नावाने संपूर्ण लिहावी, ती साठ्यात खरोखर उतरल्याची खात्री करावी, आणि नंतरच तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावे. एकाच साठ्यात केलेला हा नामबदल अखंड असतो. मध्येच फोनची बॅटरी संपली तरी एक तर जुनी फाइल मिळते, नाही तर नवी. अर्धवट लिहिलेली फाइल हाती येत नाही.

तिसरे, प्रत्येक फाइलीत तिच्या घडणीचा आवृत्तिक्रमांक असावा. पहिल्या आवृत्तीवरून एकदम सातवीवर येणारा ग्राहकही असतो, कारण त्याच्या गावी वर्षभर इंटरनेट धड चालत नसते किंवा त्याच्या फोनमध्ये नव्या आवृत्तीस जागा नसते. पायऱ्या त्याच्यासाठीही शाबूत असल्या पाहिजेत.

चौथे, कर्त्याने आपल्या ॲपच्या प्रत्येक जुन्या आवृत्तीने लिहिलेल्या नमुन्याच्या फाइलींचा लहानसा संग्रह ठेवावा आणि नवी आवृत्ती लोकांस देण्यापूर्वी ती हा संपूर्ण संग्रह दोन्ही प्रकारच्या फोनांवर उघडते काय, ते पाहावे.

पाचवे, फोनधारकास आपले सर्व लिखाण त्या ॲपवाचूनही वाचता येईल अशा रूपात बाहेर काढण्याचे दार असावे आणि ते सहज दिसावे.

ही पथ्ये पाळणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्यास एसक्यूलाइटचे उदाहरण दाखवावे. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही माहितीसाठ्याची प्रणाली अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींमध्ये अंतर्भूत आहे. तिच्या तिसऱ्या आवृत्तीची फाइलरचना २००४ साली ठरली. तेव्हाची फाइल आजही उघडते, आणि २०५० सालापर्यंत हा मेळ राखण्याचा संकल्प तिच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. जुन्याचा मान राखल्याने प्रगती खुंटते, हा समज या एकाच उदाहरणाने खोटा ठरावा.

आक्षेपांचा विचार

या मतावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, जुन्या रचना सांभाळण्याचे ओझे कर्त्याने किती काळ वाहावे? उत्तर असे की, जितका काळ लोकांच्या फाइली त्या रचनेत आहेत तितका काळ. फाइल ज्याने लिहिली त्याची असते. ज्याच्या ॲपमध्ये लिहिली त्याची नव्हे. दुसऱ्याची ठेव सांभाळण्याचे काम पत्करल्यावर कपाट जुने झाले, ही सबब चालत नाही.

दुसरा आक्षेप असा की, बदल कार्यप्रणालीचे मालक लादतात आणि मुदतही तेच ठरवितात. यात तथ्य आहे. परंतु अँड्रॉइडच्या उपरोक्त बदलाच्या वेळी ॲपकर्त्यांच्या तक्रारी ऐकून २०१९ साली सक्ती पुढे ढकलण्यात आली, आणि गूगलच्या ॲपभांडारात नवी ॲपे व अद्ययावत आवृत्त्या यांवर ती अनुक्रमे २०२१ च्या ऑगस्टपासून व नोव्हेंबरपासून लागू झाली. सुमारे दोन वर्षांचा हा अवधी सामान हलविण्यास अपुरा होता, असे म्हणता येत नाही. मात्र मालकांनीही दार बंद करण्यापूर्वी केवळ कर्त्यांस नव्हे, तर फोनधारकांसही त्यांच्या भाषेत सूचना दिली पाहिजे, हे मान्य करावयास हवे.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. ‘सर्व काही दूरच्या क्लाउडमध्ये ठेवा, म्हणजे फोनमधील फाइलींची चिंताच उरणार नाही’, असे सांगितले जाते. परंतु दोन ठिकाणच्या प्रती परस्परांशी जुळत्या ठेवणे आणि जुनी प्रत सुरक्षित राखणे, ही कामे एक नव्हेत. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. येथे बिघडले की तेथेही बिघडते. शिवाय डोंगरातील शाळेस इंटरनेट असेलच, असे नाही. आणि प्रत्येकाने आपले सर्व कागद परक्याच्या दफ्तरात ठेवावेत, अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

शाळा व ग्रंथालये यांनी काय करावे

सामान्य वाचकास ॲप रचावयाचे नसते. परंतु त्यास प्रश्न विचारता येतात. शाळेने किंवा ग्रंथालयाने एखादे ॲप स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्या नोंदी या ॲपवाचून वाचता येतील अशा रूपात बाहेर काढता येतात काय? ॲप काढून टाकल्यास त्यांचे काय होते? आणि तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत लिहिलेली नोंद आजच्या आवृत्तीत आमच्यासमोर उघडून दाखविता काय? शासकीय पैशाने जी ॲपे करविली जातात, त्यांच्या करारात या तीन प्रश्नांची उत्तरे अटींच्या रूपाने लिहिलेली असावीत. तसेच महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत नियमाने अन्यत्र काढून ठेवावी, आणि काही बिघडल्यास प्रथम ॲप काढून टाकू नये. कारण ॲपबरोबर त्याची खोलीही मोडली जाते.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस एक निराळी विनंती आहे. नवे ॲप कसे लिहावे, हे त्यांना वर्गात शिकविले जाते. जुने ॲप बदलताना त्यातील कोणाचाही कागद हरवू नये, हेही त्यांनी शिकावे. कारण व्यवसायात पडल्यावर त्यांचे पुष्कळसे आयुष्य याच दुसऱ्या कामात जावयाचे आहे. या कामास टाळ्या मिळत नाहीत. ते उत्तम झाले, तर काही झाले आहे हेच कोणास कळत नाही.

आमच्या शाळेतील पर्जन्यमापक अजून जागेवर आहे. आता सकाळचा आकडा प्रथम कागदाच्या वहीत लिहिला जातो व नंतर फोनमध्ये. फोनवरील विश्वास उडाला म्हणून नव्हे. बाकी ओढली जाईल याचे आश्वासन अद्याप कोणी दिलेले नाही म्हणून. ते आश्वासन ज्या दिवशी प्रत्येक ॲपबरोबर मिळू लागेल, त्या दिवशी नवी आवृत्ती ही खरोखर नवी वही ठरेल.